सहा प्रती आणि एक पोच

झेरॉक्सवाल्या काकांनी पान काचेवर पालथं घातलं तेव्हा मला जरा हायसं वाटलं. पण मशीनमधून प्रत बाहेर पडते ती उताणी, आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत विषय. काकांनी तो वाचला. चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "किती काढू?"

"सात."

"पाठपोट?"

हे मला सुचलंच नव्हतं. अकरा पानांची तक्रार, त्याला जोडलेले सोळा पानं स्क्रीनशॉट, असे सात संच. ऑगस्टचा पाऊस पत्र्यावर ताडताड वाजत होता. काकांनी गठ्ठा आपणहून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, वरून दुसरी पिशवी पालथी चढवली आणि सुटे पैसे देताना एवढंच म्हणाले, "मूळ कागद वेगळे ठेव गो. भिजले तर परत नाय मिळत."

सहा प्रती नियमात आहेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३चा, त्याचे नियमही त्याच वर्षीचे. तक्रार पुराव्यांसह, साक्षीदारांच्या नावापत्त्यांसह, सहा प्रतींत द्यायची. सातवी माझी, पोच घ्यायला. त्याच कायद्यात गोपनीयतेचं सोळावं कलम आहे. तक्रारीतला मजकूर, नावं, ओळख जाहीर करायची नाही. मिळालेल्या न्यायाबद्दल मात्र कोणाची ओळख न सांगता बोलायची मुभा आहे. मिळालेल्या न्यायाबद्दल. तेव्हा कॉलेजचं नाव विचारू नका. कोकणातलं आहे, वसतिगृहाच्या गच्चीवरून खाडी दिसते, आणि मी तेव्हा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होते, एवढं पुरे.

आमच्याकडे रेसिडेंट जेमतेम. मोठ्या शहरातल्या कॉलेजात ज्याला टेबलाच्या आसपास फिरकू देत नाहीत, त्या विद्यार्थ्याला आमच्याकडे हात धुऊन, गाऊन घालून, म्हणजे स्क्रब होऊन, उभं राहायला मिळतं. आम्ही त्याला नशीब म्हणायचो. सर्जरीच्या ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा, दिवस मंगळवार, आणि सोमवारी रात्री कोणाचं नाव लागतंय याची चढाओढ असायची.

स्क्रब झालेल्या माणसाचे हात त्याचे राहत नाहीत. कमरेच्या खाली न्यायचे नाहीत, खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, कशाला लावायचे नाहीत. त्यात हातात लँगेनबेक असेल, म्हणजे जखमेची कड ओढून धरायचं ते आकड्यासारखं हत्यार, तर सांगेपर्यंत तसूभर हलवायचा नाही. ११ जून २०२४, हर्नियाची शस्त्रक्रिया. रुग्ण ट्रॉलरवरचा खलाशी. स्पायनल दिलेलं, म्हणजे कमरेखाली बधिर आणि वर टक्क जागा. पडद्यापलीकडून भूल देणाऱ्या मॅडमना विचारत होता, बाहेर पाऊस लागला काय. ऑपरेशन दुसरे सर करत होते. 'हे' सर, म्हणजे ज्यांच्याबद्दल तक्रार ते, स्क्रब झालेले नव्हते, आमच्या मागे उभे राहून शिकवत होते. ओटीत दाटी असते, कोपराला कोपर लागतं, त्यात काही नसतं. हे तसं नव्हतं. हात कुठे होता आणि किती वेळ होता ते मी समितीला सांगितलं आहे. इथे एकच सांगते. गाऊनची पुढची बाजू निर्जंतुक मानतात, पाठ मानत नाहीत. म्हणजे स्क्रब न झालेल्या माणसाने पाठीला हात लावला तर कोणताही नियम मोडत नाही. हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं.

मी हलले नाही. हलले असते तर जखमेची कड सुटली असती. खलाशी विचारत होता, "झाला काय वो?" आणि मॅडम सांगत होत्या, "होतंय, होतंय."

रात्री मेसेज आला, 'आज फार शांत होतीस.' मी अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा मला पुढे चार महिने हिशोब द्यावा लागला.

२ जुलैला पुन्हा तसंच. २३ जुलैला त्यांच्या खोलीत, लॉगबुकवर सही घ्यायला गेले तेव्हा. बाहेरच्यांना लॉगबुक म्हणजे काय ते कळत नाही म्हणून सांगते. कोणतं कौशल्य कधी केलं, किती वेळा केलं, कोणी तपासलं, असे रकाने असतात, आणि प्रत्येकासमोर शिक्षकाची सही लागते. थिअरीला ७५ टक्के हजेरी, प्रॅक्टिकलला ८० टक्के. त्यावर अंतर्गत गुण, आणि ते असतील तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसायचं. ज्या हाताबद्दल तक्रार करायची, सही त्याच हाताची. सरांनी वही मिटून मांडीवर ठेवली होती.

घरी सांगितलं ते आईला, आणि तेही फोनवर, गच्चीवर रेंज शोधत. आई अंगणवाडी सेविका आहे. वीस वर्षं वजनं, उंच्या, लसी, पोषण आहार, सगळं रजिस्टरात आणि आता वर मोबाइलमध्येही. मी रडत होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तारीख लिवलंस?"

मला राग आला.

"पयलो दिस खंयचो? थंय आणखी कोण होता? आदी कागदार उतरव. मगे रडाचा तर रड."

बाबांनी मागून फोन घेतला आणि शिक्षण पुरं होऊ दे आधी, असं काहीतरी म्हणाले. बागेतल्या कलमांवर काढलेलं कर्ज माझ्या फीचं आहे, त्यामुळे त्यांची भीती मला कळते. पण त्या रात्री मी वहीत तीन तारखा लिहिल्या, आणि तिसऱ्या तारखेच्या शेजारी आणखी एक, २३ ऑक्टोबर. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. उशिराचं सबळ कारण दिलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण ते तिच्या मर्जीवर.

समिती कोण, हे फलकावर लावणं बंधनकारक आहे. आमचा फलक होता, वॉटर कूलरच्या मागे. वाकून वाचला. अध्यक्ष ज्येष्ठ महिला असावी लागते, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती लागते. यादीतल्या एक मॅडम बदली होऊन गेल्या होत्या. अध्यक्ष मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम, म्हणजे ज्या याच सरांबरोबर रोज एका टेबलावर डबा खायच्या त्या.

मी लिहिते आहे, खोडते आहे, असं चाललेलं असताना ९ ऑगस्ट आला. कोलकात्यातल्या सरकारी रुग्णालयात ड्यूटीवरच्या शिकाऊ डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. देशभर डॉक्टर रस्त्यावर उतरले. १७ तारखेला आयएमएचा, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेचा, चोवीस तासांचा बंद होता. आमच्याकडेही काळ्या फिती वाटल्या, संध्याकाळी गेटपासून नाक्यापर्यंत मेणबत्त्या. पाऊस इतका की दर दहा पावलांना कोणाची तरी विझायची. सर पुढच्या रांगेत होते. माझी मेणबत्ती विझली तेव्हा त्यांनी वळून स्वतःच्या मेणबत्तीवर पेटवून दिली. "थँक यू सर," मी म्हणाले. सवयीने.

त्या रात्री मी तक्रार पुरी केली. धैर्य वगैरे म्हणू नका कोणी. संताप होता, आणि त्यातला निम्मा त्या 'थँक यू सर'चा होता.

२१ ऑगस्टला, बुधवारी, सात संच घेऊन कार्यालयात गेले. आदल्याच दिवशी बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारावरून लोक रेल्वे रुळांवर बसले होते. टेबलाटेबलावर तोच विषय, सगळे हळहळत होते. आवक-जावकच्या साहेबांनी पहिलं पान ओढून घेतलं आणि नोंदवहीत लिहायला घेतलं. नाव. वर्ष. विषय. ती वही टेबलावर उघडी असते, शिपाई, पालक, औषधवाले, सगळे तिच्यावर कोपर टेकून उभे राहतात. मी म्हटलं, "साहेब, हे थेट अध्यक्ष मॅडमकडे द्यायचंय." ते म्हणाले, नोंदीशिवाय कागद आत जात नाही. मी गठ्ठा उचलला आणि चालत सुटले. वहीत माझं अर्धं नाव राहिलं ते राहिलंच.

मॅडमनी पोच दिली. सही, खाली तारीख, त्याखाली वेळ. सही करताना त्यांचं पेन चाललं नाही, त्यांनी माझं घेतलं.

मधल्या दिवसांत पोलीस ठाण्यातही एकदा जाऊन आले, तक्रार द्यायला नव्हे, विचारायला. महिला हवालदार होत्या, चहा दिला. त्यांनी तारखा बघून कपाळाला हात लावला. भारतीय न्याय संहिता लागू झाली १ जुलै २०२४ला. म्हणजे माझ्या जूनमधल्या घटनेला जुन्या दंड संहितेचं ३५४-अ आणि जुलैमधल्या दोन घटनांना नवं कलम ७५. माणूस एकच. समिती आणि पोलीस, दोन्ही वाटा एकाच वेळी चालता येतात, संस्थेनेही हवी तर मदत करायची असते, हे त्यांनीच सांगितलं. मी समितीवर थांबले. ते चूक की बरोबर, अजून ठरवता येत नाही.

आता नियमाचा एक असा तुकडा सांगते जो मला आधी ठाऊक असता तर तीन आठवड्यांची झोप वाचली असती. चौकशी चालू असताना तक्रारदार लेखी मागणी करू शकते, आणि शिक्षणसंस्था असेल तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिच्या कोणत्याही शैक्षणिक कामावर देखरेख ठेवण्यापासून थांबवता येतं. नियम क्रमांक आठ. लॉगबुक, व्हायव्हा म्हणजे तोंडी परीक्षा, अंतर्गत गुण, सगळं त्यात येतं. 'विद्यार्थी म्हणजे कर्मचारी नाहीत' असं मला दोन शहाण्यांनी ऐकवलं होतं. कायद्याला पीडित महिला नोकरीवर असायलाच हवी असं नाही, आणि रुग्णालय हे कामाचं ठिकाण म्हणून त्यात नाव घेऊन लिहिलेलं आहे. मी मागणी केली आणि आठ दिवसांत माझं युनिट बदललं. युनिट बदललं ते माझं, त्यांचं नव्हे, पण सही दुसऱ्या हाताची झाली.

गणपतीला घरी गेले. ७ सप्टेंबरची चतुर्थी. तक्रारीची प्रत समोरच्याला सात कामाच्या दिवसांत द्यायची, त्याने दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. कोकणात गणपतीत कामाचे दिवस मोजायला बसलात तर हसतील लोक. गणपतीवरच्या लाकडी माटवीला कांगण्यांची रानफळं बांधताना काकी म्हणाली, "डॉक्टरीण बारीक झाली गो." आईने विषय मोदकांवर नेला. बाबा आरतीत नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणत होते.

सुनावणी २४ सप्टेंबरला, मायक्रोबायोलॉजीच्या डेमो रूममध्ये. मायक्रोस्कोपांवर निळी कव्हरं, बेसिनमध्ये क्रिस्टल व्हायलेटचा जुना डाग. पाच जण समोर. वकील आणायची परवानगी दोघांनाही नसते. बाबा बाहेर पडवीत छत्री मिटून उभे होते, तीन तास.

मी तयारी करून गेले होते आणि तीच आडवी आली. मी 'लंबर रिजन' म्हणाले, 'पोस्टेरिअर' म्हणाले, 'प्रेशर' म्हणाले. चार डॉक्टर मंडळी माना डोलवत होती. बाहेरच्या संस्थेतल्या ताई तेवढ्या थांबल्या. त्या मासे विकणाऱ्या बायकांबरोबर काम करतात, नवऱ्याने मारलेल्या बायकांना घेऊन तालुक्याच्या कोर्टात जातात. म्हणाल्या, "हे तू रुग्णाचं सांगतेयस. तुझं सांग. घरी आईला कसं सांगितलंस?"

आईला मी नीट सांगितलंच नव्हतं. मराठीत ते शब्द मी कधी मोठ्याने उच्चारलेच नव्हते. पाठ म्हटलं, कंबर म्हटलं, आणि त्याच्या पुढचा शब्द यायला किती वेळ गेला ठाऊक नाही, डागाकडे बघत बसले होते. तो आल्यावर टायपिंग करणाऱ्या मॅडमनी लिहिलं, 'हात फिरवला'. वाचून दाखवलं.

"फिरवला नाही," मी म्हटलं. "ठेवला. आणि ठेवूनच राहिले."

त्यांनी खोडून तसं लिहिलं. प्रत्येक पानावर सही केली. त्यानंतर मला खरंच भूक लागली, खूप दिवसांनी.

उलटतपासणी समोरासमोर नको, अशी विनंती मी केली होती. सरांनी एकोणीस प्रश्न लेखी दिले, ते अध्यक्षांनी विचारले. रात्री मेसेजला अंगठा का पाठवलात? तक्रारीआधी मेणबत्ती मोर्चात माझ्याकडून मेणबत्ती पेटवून घेतलीत हे खरं आहे का? आणि मग मुख्य: त्या दिवशी तुम्हाला चक्कर येत होती, मी आधार दिला, हे खरं नाही का?

हे उत्तर हुशार होतं. ओटीत विद्यार्थ्यांना चक्कर येते, दर महिन्याला एखादा आडवा होतो. मला उत्तर सुचेना. सुचलं ते ताईंना, आणि त्यांनी ते सरांच्या जबाबाच्या वेळी विचारलं. ऑपरेशन नोट्स मागवल्या होत्या. त्यात सहायक म्हणून माझं नाव सुरुवातीपासून टाके घालेपर्यंत होतं, सत्तर मिनिटं. चक्कर येणाऱ्या मुलीला रुग्णाच्या उघड्या जखमेशी सत्तर मिनिटं कोण उभं ठेवतं? मी तिथे नव्हते. अहवालाच्या प्रतीत वाचलं. उत्तराच्या जागी लिहिलं होतं, 'मौन.'

त्या दिवशीच्या फ्लोअर सिस्टरनी पाहिलं होतं. मी साक्षीदारांत त्यांचं नाव दिलं, त्यांना न विचारता. ही माझी चूक. त्या मला लिनन रूममध्ये घेऊन गेल्या आणि चादरींच्या घड्या मोजत मोजत म्हणाल्या, "माझी चार वर्सां रवली गो पेन्शनीक." मी काही बोलले नाही. दुसऱ्या तारखेला त्या आल्या आणि दोन वाक्यं सांगून गेल्या. कोणती, ते अहवालात आहे. पुढे कित्येक दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाळलं, आणि तो त्यांचा हक्क होता.

बॅचबद्दल फारसं लिहीत नाही. निम्मे म्हणाले सर शिकवतात किती छान, उरलेल्यांतल्या तिघींनी एकेकट्या येऊन सांगितलं, आम्हालाही. लेखी द्यायला कोणी तयार झालं नाही. एका मुलालाही सीनियरकडून असाच त्रास झाला होता. तो म्हणाला, मी कुठे जाऊ? २०१३च्या कायद्यात पुरुषाला जागाच नाही. त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. माझे नव्वद दिवस १९ नोव्हेंबरला भरत होते, आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. निम्मा स्टाफ निवडणुकीच्या कामाला, असं सांगण्यात आलं. अहवाल हातात आला १६ डिसेंबरला, म्हणजे ११७व्या दिवशी. अशा चौकशीत फौजदारी खटल्यासारखं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, पारडं कुठे झुकतं ते बघतात. ११ जूनची घटना आणि मेसेज सिद्ध. २ जुलै, पुरेसा आधार नाही. २३ जुलै, पुरेसा आधार नाही, कारण खोलीत आम्ही दोघंच होतो. पुराव्याअभावी तक्रार खोटी ठरत नाही, हेही कायद्यातलं वाक्य त्यांनी लिहिलं होतं. कोणी लिहायला लावलं असेल, मला अंदाज आहे. शिफारशी अशा: लेखी माफी, वेतनवाढ रोखणे, विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या कामातून दूर ठेवणे.

अहवाल मिळाल्यापासून साठ दिवसांत संस्थेने कारवाई करायची. साठापैकी एक्केचाळीस दिवस गेले आणि कळलं की सर करारावर होते. कराराची मुदत जानेवारीअखेर संपत होती आणि ती वाढवण्यात आलेली नव्हती. नोकरीतच नसलेल्या माणसाची वेतनवाढ रोखता येत नाही, परीक्षेच्या कामातून दूरही करता येत नाही, आणि माफी मागायला त्यांना कोण सांगणार? विचारायला गेले तर वरिष्ठ म्हणाले, "अगं, गेले ना ते? मग झालं तर." अपील नव्वद दिवसांत करता येतं. मी अर्ज लिहिला. सहीपर्यंत आले आणि ठेवून दिला. समोर परीक्षा होती, आणि खरं सांगायचं तर थकले होते. त्यांच्या कागदांवर कुठेही शिक्षेचा शब्द नाही. मुदत संपली, एवढंच आहे. पुढच्या मे महिन्यात एसटीतून जाताना एका नव्या रुग्णालयाच्या फलकावर त्यांचं नाव दिसलं, डिग्र्यांसकट.

पोच असलेली सातवी प्रत आईकडे आहे, अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरांबरोबर ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या घालून. ती म्हणते, दहा वर्षं ठेवायची असतात.

फायनलच्या सर्जरी व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ट्रेमधली हत्यारं एकेक उचलायला सुरुवात केली. ॲलिस. बॅबकॉक. मग लँगेनबेक.

"हे काय?"

नाव सांगितलं. उपयोग सांगितला. निर्जंतुक कसं करतात ते सांगितलं.

"धरलंयस कधी?"

"हो सर."

"किती वेळ?"

"सत्तर मिनिटं."

परीक्षक हसले. "बरोबर लक्षात आहे," म्हणाले, आणि पुढचं हत्यार उचललं.